तिसरी घंटा कोणी द्यायची?

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी रात्री साडेदहाला मी मंडळाच्या नव्या पोर्टलवरचं एक बटण दाबलं आणि आपल्या सुमारे ४०० कुटुंबांना 'आपलं सदस्यत्व संपलं आहे' अशी ईमेल गेली. पोर्टल अजून तयार व्हायचं होतं, मी नुसती चाचणी घेत होतो. खोटी नावं भरायचा कंटाळा केला आणि सदस्यांची खरी यादीच चाचणीसाठी उतरवून घेतली. ईमेल बाहेर जायची वाट बंद करायचं मात्र राहून गेलं.

बहुतेकांनी हसून सोडून दिलं. दोघातिघांनी तर बिचाऱ्यांनी लगेच चेक पाठवले. पण त्यातली एक ईमेल जानेवारीत वारलेल्या एका काकांच्या नावे होती. 'सदस्यत्व पुन्हा सुरू करण्यासाठी येथे क्लिक करा.' नवरा-बायकोचा ईमेल पत्ता एकच. सकाळी काकूंचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडतोय तोच त्या म्हणाल्या, "अरे, संपलंय हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या त्या पत्रात 'पुन्हा सुरू करा' एवढं एकच बटण आहे. दुसरं का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेली बावीस वर्षं मी इथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. तिथे प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेला, मला हातही लावू देत नाहीत. कोड मी लिहायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने होकार द्यायचा आणि चौथ्याने तो लाइव्ह करायचा. मंडळात हे चौघेही मीच होतो. स्वयंसेवी काम आहे, कोण एवढं बघतंय, असं मनात कुठेतरी होतं.

जे आमच्या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हे सगळं आपल्या दिवाळीच्या नाटकासारखंच असतं. डेव्हलपमेंट म्हणजे कुणाच्या तरी बेसमेंटमधल्या तालमी. हातात संहिता, मध्येच चहा, चुकलं तर पुन्हा. स्टेजिंग म्हणजे रंगीत तालीम. कपडे, दिवे, संगीत सगळं प्रयोगासारखं, फक्त खुर्च्या रिकाम्या. आणि प्रॉडक्शन म्हणजे प्रयोग. मी बेसमेंटमधल्या तालमीलाच प्रेक्षक आणून बसवले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

रंगीत तालीम नीट न घेता प्रयोग लावला की काय होतं, हे या देशाने फार मोठ्या रंगमंचावर पाहिलं आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचं सरकारी पोर्टल, हेल्थकेअर डॉट गव्ह, सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यावर नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं होती सहा. गर्दी अपेक्षेपेक्षा खूपच जास्त होती हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही. त्याच महिन्यात काँग्रेसच्या समितीपुढे कंत्राटदारांनी सांगितलं, की सगळे भाग जोडून या टोकापासून त्या टोकापर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच सुरू झाली. प्रत्येक नटाने आपापल्या घरी संवाद पाठ केले होते. अनेक कंपन्यांची कामं एकत्र सांधायची जबाबदारी मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी खात्याने स्वतःकडेच ठेवली होती. ती एका कंत्राटदाराकडे सोपवली गेली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता.

दुरुस्तीसाठी बाहेरून जी माणसं आली, त्यांत गूगलमध्ये काम केलेला मायकी डिकरसन होता. त्याने बैठकांसाठी घालून दिलेल्या नियमांपैकी एक मला फार आवडतो. ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचं, ज्याचा हुद्दा मोठा आहे त्याने नव्हे. नोव्हेंबरअखेर साइट बऱ्यापैकी चालू लागली. एप्रिल २०१४ पर्यंत, राज्यांची स्वतःची पोर्टलं धरून, ८० लाख लोकांनी नोंदणी केली होती. (आपल्या कार्यकारिणीच्या बैठकांना हा नियम लावला तर निम्मा वेळ वाचेल, पण ते असो.)

आमच्या समितीत इथेच जन्मलेली, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. मार्चच्या प्रकारानंतरच्या पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, "काका, नाही म्हणायचा राइट कुणाला आहे?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. तिने एका कागदावर कामं लिहून काढली. कोड मी लिहिणार, ती तपासणार. पैशांच्या किल्ल्या खजिनदारांकडे, म्हणजे चाचणीची वेगळी आणि खरी वेगळी. काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत कुणी आणायची, तेही नाव घालून. याच भानगडीत कळलं, की मंडळाचं डोमेन नाव एका माजी अध्यक्षांच्या खासगी खात्यावर आहे आणि ते सहा वर्षांपूर्वीच टेक्सासला गेलेत! बरं, त्यांचा फोन नंबर बदललेला नव्हता.

राहिलं शेवटचं काम, तिसरी घंटा द्यायची की नाही हे ठरवायचं. तिथे तिने काकूंचं नाव लिहिलं. अध्यक्षांना ते जरा खटकलं. काकूंना कोड म्हणजे काय हे माहीत नाही. पण पत्रकांवर स्टॅम्प चिकटवून पाठवायच्या काळात सदस्यांची वही त्यांच्याकडे असायची. कोण कुठे राहायला गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं, हे आमच्या डेटाबेसपेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

रंगीत तालीम ऑगस्टमध्ये झाली, यावेळी खोट्या नावांनी. काकू दोन दिवस लॅपटॉपपुढे चष्मा लावून बसल्या. त्यांनी काढलेल्या चुका मी हजारदा बघूनही मला दिसल्या नसत्या. कुटुंब सदस्यत्वाच्या फॉर्ममध्ये जोडीदाराचं नाव भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. कॉलेज संपवून नोकरीला लागलेली मुलं अजून आईवडिलांच्याच खात्यात अडकलेली होती. आणि माणूस गेला तर त्याची नोंद करायला जागाच नव्हती.

रविवारी पोर्टल उघडायचं ठरलं होतं. काकू म्हणाल्या, "नाही." फ्लायर छापून झाली होती, अध्यक्षांची चिडचिड झाली, मीही "पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो हो" म्हणून बघितलं. ती मुलगी शांतपणे कागदावर बोट ठेवून बसली होती. आठवडा पुढे गेला.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे घरी, फोन जवळ ठेवून. खजिनदारांनी स्वतःच्या कार्डावर एक खरं तिकीट काढलं आणि परत करून पैसे वळते झाल्याची खात्री केली. काकूंनी होकार दिला. अर्ध्या तासात कळलं, की तिकिटाच्या छापील प्रतीवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटताहेत. कागदावर ज्याचं नाव होतं त्याने जुनी आवृत्ती परत आणली, कुणालाही न विचारता. दुपारी दोनला पुन्हा उघडलं.

गेलेल्या सदस्याच्या नोंदीपुढे कोणता शब्द ठेवायचा, ते काकूंनीच ठरवलं. 'निष्क्रिय' हा माझा शब्द त्यांनी खोडला आणि 'स्मरणात' असं लिहिलं. काकांच्या नावापुढे तो त्यांनी स्वतः लावला. मग दिवाळीचं तिकीट काढलं. आदल्या वर्षी निवडलेला आकडा पोर्टलने आपणहून भरून दाखवला होता, दोन. तो बदलून त्यांनी एक केला आणि मला म्हणाल्या, "हे पण आधी रिकामं ठेव रे."

त्याच संध्याकाळी ते मी बदललं. म्हणजे, लिहिलं मी. लाइव्ह गेलं मंगळवारी, तिने तपासल्यावर.