रक्तांतील विकराची परीक्षा

ज्वारीच्या भाकरीचा घास घाईनें न गिळतां बराच वेळ चावून पाहा. तो हळूहळू गोड लागूं लागतो. लाळेंतील एक द्रव्य पिठांतील पिष्टाचें साखरेंत रूपांतर करितें. स्वतः खर्ची न पडतां अशीं कामें घडवून आणणाऱ्या द्रव्यांस विकरें किंवा एन्झाइम म्हणतात. रक्तांतहि अशीं अनेक विकरें आहेत.

त्यांपैकीं जी-६-पी-डी हें विकर तांबड्या पेशींचें रक्षण करितें. कित्येकांच्या रक्तांत तें जन्मतःच उणें असतें. अशा मनुष्यास हिवतापावरील प्रायमाक्वीन हें औषध दिलें असतां पेशी फुटूं लागतात, लघवी काळसर होते आणि प्रसंगीं जिवावर बेततें. अमेरिकेंतील संशोधकांनीं या दोषाचा उलगडा १९५६ सालीं केला. मुंबईंतील लोकांच्या रक्ताचीं निरीक्षणें बक्षी, बालकृष्णन् व संघवी यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलीं.

हें विकर पेशींच्या आंत असल्यामुळें रक्त गोठूं न देणाऱ्या ईडीटीए द्रव्याच्या नळींत घेतात. नळी हलक्या हातानें आठ-दहा वेळां उलटीसुलटी करावी. जोरानें हलवूं नये, कारण त्यानें पेशी फुटतात. अमडापुराहून ती चिखलीस आणि तेथून पुढें मोठ्या शहरीं न्यावयाची झाल्यास वैशाखाच्या उन्हांत विकराचा जोर ओसरतो. म्हणून ती २ ते ८ अंश सेल्सियस थंडाव्यांत ठेवावी. परंतु बर्फास टेकवूं नये, कारण रक्त गोठून बर्फ झालें तरी पेशी फुटतातच.

प्रयोगशाळेंत पेशी मिठाच्या थंड पाण्यानें धुतात. श्वेत पेशींतहि हें विकर असतें, म्हणून त्या शक्य तितक्या वेगळ्या काढतात. नंतर तांबड्या पेशी मुद्दाम फोडून, ठराविक उष्णमानावर विकराच्या कामाचा वेग मोजतात आणि तो दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागें मांडतात. नाहींतर ज्याच्या अंगीं रक्तच कमी, त्याचें विकरहि उगाच कमी दिसेल.

प्रत्येक विकराची रीत मात्र निराळी. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकरास कामासाठीं धातूंचे कण लागतात. ईडीटीए तेच हिरावून घेतें. म्हणून तेथें ती नळी चालत नाहीं. रक्त गोठूं देऊन वरचा निवळ द्रव घेतात.

सर्वांत फसवी गोष्ट वेळेची आहे. पेशी फुटण्याचा झटका येतो तेव्हां विकर उणें असलेल्या जुन्या पेशी आधीं नाश पावतात. मागें उरतात त्या विकरानें भरलेल्या कोवळ्या पेशी. त्या दिवशीं रक्त तपासलें तर दोषी मनुष्यहि निर्दोष ठरूं शकतो, आणि तेंच औषध त्यास पुन्हां दिलें जाण्याचें भय राहतें. म्हणून सुमारें तीन महिन्यांनीं परीक्षा पुन्हां करावी लागते.

पालकांनीं हें ध्यानीं ठेवावें. ताप केव्हां आला, कोणतें औषध घेतलें, हें डॉक्टरांस नीट सांगावें. पुन्हां बोलाविलें तर हेलपाटा समजूं नये. यंत्र कितीहि उत्तम असो, नळींतून जें आलें तेंच तें मोजतें.