समतेची अक्षरओळख

लिहिता-वाचता आले म्हणजे मनुष्य साक्षर झाला, अशी आपली साधी समजूत असते. परंतु अक्षरांखेरीजही वाचण्यासारखे पुष्कळ असते. वर्गात कोण कोणाशेजारी बसतो, डबा खाताना कोण एकटा पडतो, कोणाच्या आडनावावर, रंगावर अथवा बोलण्याच्या ढबीवर हशा पिकतो, हे ज्यास वाचता येते, तो समतेच्या बाबतीत साक्षर होय. अमेरिकेत वंशभेद ओळखण्याचे असे शिक्षण शिक्षकांना देण्याचे प्रयत्न होत असतात. आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः जातिभेदाच्या रूपाने उभा राहतो. म्हणून त्याचा विचार आपण आपल्याच इतिहासाच्या आधारे करू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ साली आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथे झाला. पुढे ते साताऱ्याच्या शाळेत जाऊ लागले. तेथे त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही नसे. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. येथे कोणी छडी उगारली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सारे काही नित्याच्या शिस्तीने चालले होते आणि त्यात काही वावगे आहे असे शाळेला वाटतच नव्हते. आम्ही ज्या निरक्षरतेविषयी बोलत आहो, ती हीच.

हे दुःख सर्वांना दिसत नव्हते असे मात्र नाही. १८५५ साली पुण्यातील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ती महात्मा फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी होती. म्हणजे जे विद्वानांच्या दृष्टीस पडले नाही, ते एका शाळकरी मुलीने शब्दांत मांडले. कारण तिच्या गुरुजनांनी तिला बोलण्याची मोकळीक दिली होती.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याची आज्ञा दिली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली. आज्ञेने मुले एका बाकावर बसू शकतात. परंतु त्या बाकावर बसलेल्यांची मने जवळ आणण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते, आणि त्यासाठी शिक्षकाने स्वतः शिकणे अवश्य आहे.

आता प्रश्न येतो तो अपराधाचा. एका मुलाने दुसऱ्यास जातीवरून हिणवले तर काय करावे? शिक्षा करून उभे केले, तर हिणवणारा धडा शिकतो तो एवढाच, की पुन्हा बोलताना गुरुजी जवळ नसावेत. ज्याचा अपमान झाला, त्याच्या पदरात काहीच पडत नाही. न्यूझीलंडमधील माओरी समाजात अशा प्रसंगी दोन्हीकडच्या आप्तांनी एकत्र बसून झालेली हानी भरून काढण्याची रीत आहे. तेथील सरकारने १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारांच्या बाबतीत अशा कुटुंबसभेस स्थान दिले. पुढे अनेक देशांतील शाळांनी याच धर्तीची पद्धत उचलली. शिक्षक मुलांना गोलाकार बसवितो आणि क्रमाने विचारतो: काय घडले? त्या वेळी तुझ्या मनात काय होते? यामुळे कोणास इजा झाली? ती भरून निघण्यासाठी आता तू काय करशील? प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत ऐकावयाचे असते. प्रश्न सोपे आहेत. ते न रागावता विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे, हे मात्र सरावानेच साधते.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. दुखावलेल्या मुलाची इच्छा नसेल तर त्यास अशा बैठकीत ओढू नये. क्षमा करण्याची सक्ती हाही एक अपमानच होय. जेथे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा घडला असेल, तेथे गोड बोलून प्रकरण मिटविणे म्हणजे न्याय नव्हे. ही बैठक जातपंचायत नाही; सबळाच्या सोयीसाठी दुर्बळाने गप्प बसावे, हा तिचा हेतू असूच शकत नाही.

दौलतगंजातील आम्हां मराठी कुटुंबांना हा विषय परका वाटू नये. शिंद्यांच्या काळापासून आपण येथे राहत आलो असलो, तरी हिंदी भाषिकांच्या या नगरात आपली भाषा थोड्यांचीच आहे. आपल्या उच्चारांना कोणी हसले तर ते कसे बोचते, हे आपण जाणतो. तीच बोच शेजारच्या बाकावरील मुलास आपल्या शब्दांनी होत नाही ना, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते. विद्यार्थिमित्रहो, गुरुजनांनी हे शिक्षण घ्यावेच. पण ‘तू कोणाचा?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काय वाटले?’ असे विचारण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही. समतेच्या अक्षरओळखीचा आरंभ तेथूनच होतो.