खोट्या माशाचे लाकूड

आमच्या खाडीत चोणाक आणि तांबोशी हे मासे मिळतात. ते कांदळाच्या मुळांपाशी दबा धरून बसतात आणि जवळून लहान मासा गेला की झडप घालतात. म्हणून माझे काका लाकडाचा खोटा मासा करतात. त्याला गऱ्या लावून दोरीने पाण्यातून ओढायचा. चोणाकाला वाटते, बोईचे पिल्लूच चाललेय. दुकानातला खोटा मासा महाग असतो, आणि कालवांच्या खडकात अडकला की गेलाच. घरी केला तर लाकडाला पैसे पडत नाहीत. पण कुठलेही लाकूड चालत नाही.

आम्ही सुताराकडून तुकडे आणले, सगळे सारख्या मापाचे, आणि बादलीत सोडले. खैराचा गाभा दगडासारखा तळाला गेला. सागाचे अंदाजे दोन भाग पाण्यात आणि एक भाग वर राहिला. आंब्याचे जवळजवळ तसेच. पांगाऱ्याचे मात्र उलटे! एक भाग पाण्यात, दोन भाग वर.

तुम्ही म्हणाल, साग पण तरंगतो की. पण खोट्या माशाला नुसते स्वतः तरंगून भागत नाही. त्याला दोन गऱ्या, तार आणि पोटात शिशाचा तुकडा घेऊन तरंगायचे असते. पोटात शिसे नसेल तर तो उताणा होतो. उताणा पोहणारा मासा कोण खाईल? एवढे ओझे घातले की सागाचा मासा जेमतेम वर राहतो. पांगाऱ्याचा मासा ओझे घेऊनही तरंगतो. तोंडाला पत्र्याची जीभ लावलेली असते, त्यामुळे ओढला की तो खाली जातो आणि शेपूट हलवत चालतो. ओढायचे थांबले की हळूच वर येतो. चोणाक पुष्कळदा तेव्हाच धरतो, असे काका सांगतात.

पांगारा म्हणजे तेच काट्याचे झाड, ज्याला शिमग्याच्या सुमारास लाल फुले येतात. कुंपणाला लावतात. सावंतवाडीची लाकडी खेळणीसुद्धा पांगाऱ्याची करत आले आहेत. लाकूड पांढरे आणि मऊ, चाकूने सुद्धा कोरता येते. ओली फांदी मात्र जड असते, ती सावलीत वाळवावी लागते. उन्हात टाकली तर तडकते.

पांगाऱ्यात दोन खोडी आहेत. आजी म्हणते, "पांगारो हलको, पण तो पाणी पिता." म्हणून आधी तेल पाजून मग रंगाचे दोन-तीन हात द्यायचे. दुसरी खोड मोठी. मऊ लाकडात स्क्रू टिकत नाही. गेल्या वर्षी काकांचा एक मोठा चोणाक असाच गेला. गरी त्याच्या तोंडात, आणि लाकडाचा मासा काकांच्या दोरीला! तेव्हापासून काका तोंडापासून शेपटीपर्यंत एकच तार आरपार घालतात आणि गऱ्या त्या तारेला बांधतात. आता लाकूड फुटले तरी मासा सुटणार नाही.

फिनलंड देशात लाऊरी रापाला नावाचे मच्छीमार होते. त्यांनी १९३६ साली बाटलीचे बूच ज्या सालीचे करतात त्या सालीचा मासा कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी लावली. ती साल पण अशीच हलकी असते. म्हणजे तिकडच्या लोकांनी पण हलकेच शोधले.

पण फार हलका मासा वाऱ्यात लांब फेकता येत नाही, परत आपल्याच अंगावर येतो. तेव्हा काका आंब्याचा वापरतात. मला तो आवडत नाही, कारण कोरताना हात दुखतात.

आणखी एक. खाऱ्या पाण्यात लाकूड थोडे जास्त वर तरंगते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, आणि मे महिन्यात जेमतेम तरंगणारा मासा श्रावणात बुडू शकतो. म्हणून आधी घरच्या बादलीत, विहिरीच्या पाण्यात सोडून बघायचा. तिथे तरंगला तर खाडीत तरंगणारच.