शेगडी, भट्टी आणि गाडी : विजेच्या हळुवार उघडझापीची ओळख

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा जव्हार संस्थानच्या इतिहासावर काहीतरी लिहावे अशीच सर्वांची अपेक्षा होती. इतिहास हा आमचा विषय. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जे घडले, त्यामुळे आम्हांला वेगळ्याच विषयाकडे वळावे लागले. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने संस्थेला इंडक्शन शेगडी भेट दिली होती. दोनेकशे मुलांचे जेवण तिच्यावर होणे शक्य नाही, ते गॅसवरच होते. पण रात्री-अपरात्री आजारी मुलासाठी नागलीची पेज, पहाटेचा चहा, दूध या कामांसाठी ती सोयीची होती. चुलीच्या धुरात डोळे चोळत आयुष्य काढलेल्या आमच्या स्वयंपाकीण मावशींना तिचे विशेष अप्रूप. ती शेगडी भर श्रावणात बंद पडली. दुरुस्त करून आणली, चार दिवसांत पुन्हा गेली. पुन्हा दुरुस्त केली, या वेळी चालू करताक्षणीच फट् असा आवाज झाला. दोन्ही वेळा दुकानदाराने एकच उत्तर दिले, "आयजीबीटी उडाला." पैसे दोन्ही वेळा द्यावे लागले.

शेवटी आय.टी.आय. करून पुण्याकडच्या कारखान्यात काही वर्षे काम केलेला आपलाच एक माजी विद्यार्थी सुट्टीत आला असता त्याने ती उघडली आणि आम्हांला समोर बसवून कारण समजावून सांगितले. पुढचे बरेचसे त्याच्याकडून आणि आमच्या विज्ञान शिक्षकांकडून शिकलेले आहे. पन्नाशी उलटल्यावर आपल्याच विद्यार्थ्यापुढे वही घेऊन बसण्यात कमीपणा वाटत नाही, उलट बरे वाटते.

प्रथम शेगडीचे मूळ तत्त्व पाहू. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला तर त्यात आपोआप वीज वाहू लागते. फॅरडे लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम झालेली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञान शिकले. आपल्या विद्यार्थ्यांना हे चरित्र आम्ही दरवर्षी सांगतो. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. तिच्यातून सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की, वर ठेवलेल्या भांड्याच्या तळात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि भांडेच तापते. काच तापते ती भांड्यामुळे.

येथे पालकांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देऊन टाकतो. आपल्या पाड्यांवर बहुतेक घरांत जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी असतात, ती या शेगडीवर का चालत नाहीत? लोखंड चुंबकीय आहे. त्यात हा वेगवान प्रवाह तळाच्या अगदी पातळ थरात कोंडला जातो, त्याला अडथळा जास्त होतो आणि त्यातून उष्णता निघते. ॲल्युमिनियम चुंबकीय नाही आणि विजेला ते फारसा अडथळाही करत नाही, म्हणून ते पुरेसे तापत नाही. मातीच्या भांड्यात तर वीज वाहतच नाही. लोखंडी तवा मात्र उत्तम चालतो. शेगडी फुकट मिळाली तरी भांडी नवी घ्यावी लागतात, हा खर्च शेगडीची जाहिरात करणारे सांगत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. महावितरणची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. शेगडीला हवीत वीस हजारांहून अधिक. हे रूपांतर करणाऱ्या मंडलाला कन्व्हर्टर म्हणतात. तो आधी एसी विजेचे डीसी करतो आणि मग एका इलेक्ट्रॉनिक बटणाने ती वीज भराभर चालू-बंद करतो. हे बटण म्हणजेच दुकानदाराचा तो आयजीबीटी. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना ज्यांनी तो विकसित केला, ते जयंत बालिगा मूळचे भारतीय. त्यांचा जन्म मद्रासचा आणि शिक्षण आय.आय.टी. मद्रासमधले. आज रेल्वेच्या इंजिनापासून घरातल्या एअर कंडिशनरपर्यंत हे बटण सर्वत्र आहे.

बटण पूर्ण चालू असेल तर त्यावर व्होल्टेज जवळजवळ नसते. पूर्ण बंद असेल तर त्यातून प्रवाह नसतो. दोन्ही स्थितींत ते फारसे तापत नाही. त्रास होतो तो मधल्या क्षणी. चालूचे बंद होताना क्षणभर व्होल्टेजही असते आणि प्रवाहही असतो, आणि त्या दोहोंच्या गुणाकाराइतकी वीज बटणातच जळते. समजा, ३०० व्होल्ट आहेत, २० ॲम्पिअर आहेत आणि उघडझापीला सेकंदाचा फक्त पन्नास लाखावा भाग लागतो. एका वेळी वाया जाणारी ऊर्जा नगण्य, ०.०००६ ज्यूल. पण सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू आणि तितक्याच वेळा बंद, म्हणजे पन्नास हजार वेळा हे घडते. गुणाकार केला तर ३० वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तेवढी आच नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात सतत पेटलेली आहे, अशी कल्पना करावी. ही झाली हार्ड स्विचिंगची, म्हणजे आडदांड उघडझापीची गोष्ट.

आमच्या विद्यार्थ्याने याला एस.टी.ची उपमा दिली. धावत्या गाडीतून उडी मारणारा ढोपर फोडून घेतो आणि गाडी थांबल्यावर उतरणारा सुखरूप घरी जातो. बटणानेही वीज थांबेल तेव्हाच चालू किंवा बंद व्हावे. पण वीज थांबणार कशी? आम्हांला दुसरी उपमा अधिक पटते, ती अंगणातल्या झोपाळ्याची. झोपाळा टोकाला गेला की क्षणभर स्थिर होतो आणि मग परत फिरतो. त्याला कोणी थांबवत नाही, ते स्थिर होणे त्याच्या झोक्यातच असते. कॉइल आणि कपॅसिटर एकत्र जोडले की विजेचा असाच झोपाळा तयार होतो. ऊर्जा कॉइलमधून कपॅसिटरमध्ये आणि कपॅसिटरमधून परत कॉइलमध्ये झोके घेते. या गुणाला अनुनाद म्हणतात. झोक्यात व्होल्टेज किंवा प्रवाह ठराविक काळाने शून्यावर येतोच. बटणाने त्या शून्याची वाट पाहायची आणि नेमक्या त्या क्षणी काम उरकायचे. हेच सॉफ्ट स्विचिंग.

घरगुती शेगडीत बहुधा एकच बटण असते. ते चालू असताना कॉइलमधला प्रवाह वाढत जातो. बंद होताच तो प्रवाह शेजारच्या कपॅसिटरमध्ये शिरतो. कपॅसिटरमुळे बटणावरचे व्होल्टेज एकदम न उसळता सावकाश चढते, म्हणून बंद होतानाचा फटकाही सौम्य होतो. चढत चढत ते हजार व्होल्टच्या आसपास पोहोचते, मग उतरून शून्यावर येते आणि तेव्हा बटण पुन्हा चालू होते. आच कमी केली की ही शेगडी थांबून थांबून का चालते, याचेही कारण यातच आहे. धक्का फार हलका झाला तर झोका शून्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ती काही सेकंद जोराने चालते आणि काही सेकंद विश्रांती घेते. मावशींना तो बिघाड वाटत असे, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही.

आमच्या शेगडीचा रोग या झोपाळ्यातच होता. तो कपॅसिटर सुमारे ०.३ मायक्रोफॅरडचा असतो. उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या झोक्यांनी त्याची क्षमता घटत गेली होती. क्षमता घटली की धक्का तोच राहतो, पण व्होल्टेजचा झोका अधिक उंच जातो. बटण सहन करू शकते साधारण १२०० व्होल्ट. मर्यादा ओलांडली की ते फुटते. दुकानदाराने दोन्ही वेळा फुटलेले बटण बदलले, फोडणारा कपॅसिटर मात्र तसाच ठेवला. आमच्या विद्यार्थ्याने मीटर लावून कपॅसिटर मोजला, तो बदलला, मग बटण बदलले आणि प्रथम १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून शेगडी तपासली. चूक राहिली असती तर बल्ब प्रखर पेटला असता आणि बटण वाचले असते. वडापावाच्या किमतीच्या आसपासच्या वस्तूसाठी आम्ही दोन वेळा भुर्दंड भरला होता. दुकानदार लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते.

हे तंत्र नवे आहे असा समज होण्याचा संभव आहे, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे मागे जावे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून सळया करणाऱ्या पोलाद कारखान्यांच्या इंडक्शन भट्ट्या आहेत. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतही त्या आहेत. अशा मोठ्या भट्ट्यांत थायरिस्टर हे बटण वापरण्याची जुनी पद्धत. १९५७ साली आलेल्या या बटणाची खोड अशी की, ते हुकमाने चालू होते पण हुकमाने बंद होत नाही. त्यातला प्रवाहच शून्यावर यावा लागतो. भट्टीची कॉइल आणि तिच्याजवळची कपॅसिटरची रांग मिळून तो शून्य आणून देतात. म्हणजे शून्याची वाट पाहणे ही तेव्हा निवड नव्हती, नाइलाज होता. त्या भट्ट्यांची गती सेकंदाला काही शे आवर्तनांचीच असते. पुढे हुकमाने बंद होणारी बटणे आली आणि अभियंत्यांनी शून्याचा नाद सोडून दिला. गती वाढत गेली, बटणे तापू लागली, तेव्हा १९८० च्या दशकात ते पुन्हा झोपाळ्याकडे वळले. व्हर्जिनियात फ्रेड ली यांनी आणि विस्कॉन्सिनमध्ये दीपक दिवाण यांनी या दिशेने काम केले. दिवाण यांची अनुनादी डीसी लिंकची कल्पना १९८६ ची.

आता गाडी. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. आपले जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेही १९४८ सालीच. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर विजेवर चालणारी 'शिवाई' धावली. आकुर्डीला विजेची चेतक स्कूटर तयार होते. या सर्व वाहनांच्या बॅटरीला डीसी वीज लागते आणि घरात येते एसी, म्हणून मध्ये चार्जर हवा. जुने बॅटरी चार्जर आठवत असतील त्यांना त्यांचे वजनही आठवत असेल. त्यांतला ट्रान्सफॉर्मर ५० आवर्तनांवर चालत असे, आणि आवर्तने जितकी कमी तितका लोखंडाचा गाभा मोठा लागतो. तीच आवर्तने लाखाच्या घरात नेली की ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. पण उघडझाप तितक्या पटीने वाढली की जळणारी वीजही त्याच पटीने वाढते. ही अडचण सॉफ्ट स्विचिंगने सुटली, म्हणून आजच्या चार्जरांत अनुनादी मंडले सर्रास दिसतात. ३३०० वॅट घेणाऱ्या चार्जरमध्ये दहा टक्के वाया गेले तर ३३० वॅटची उष्णता बाहेर काढावी लागते, पाच टक्के गेले तर १६५ वॅटची. पहिल्याला मोठा पंखा लागतो आणि पंखा आला की धूळही आत येते.

मात्र चाक फिरवणाऱ्या मोटरचा कन्व्हर्टर आजही बहुतेक गाड्यांत आडदांड पद्धतीनेच चालतो. तेथे गती कमी असते आणि मोटरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. बदलत्या भारावर झोपाळा सांभाळण्यासाठी जास्तीचे सुटे भाग लागतात आणि ते परवडत नाहीत. हाच कन्व्हर्टर घाट उतरताना उलटा चालतो, म्हणजे मोटर जनित्र बनून बॅटरीत वीज परत भरते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. स्कूटर आणि तिच्यावरची माणसे मिळून २०० किलो धरली तर तेवढी उंची चढायला निदान पाव युनिट लागते. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, सगळा नाही. मोखाड्याकडून दररोज ये-जा करणाऱ्या शिक्षकांनी स्कूटर घेताना हा हिशेब अवश्य करावा, कारण कंपनीचा किलोमीटरचा आकडा सपाट रस्त्यावरचा असतो.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेब आंबेडकरांनी युद्धोत्तर वीजधोरणाच्या समितीपुढे भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याखेरीज देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाखेरीज दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच खात्यात. हे भाषण आम्ही वर्गात अनेकदा शिकवले. पण शेगडी उघडी पडली तेव्हा लक्षात आले की, आपल्या तालुक्यांत वीज आली, तिची उपकरणे आली, आणि ती उघडून पाहणारे हात अजून मोजकेच आहेत. बाकीचे दुरुस्तीसाठी ठाण्या-नाशिकचा रस्ता धरतात.

ती शेगडी सध्या स्वयंपाकघरात चालू आहे. तिचे तिन्ही जळके आयजीबीटी आणि मेलेला कपॅसिटर आम्ही विज्ञानकक्षात पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवले आहेत. आमच्या विद्यार्थ्याने जाताना नववीच्या मुलांसाठी एक बंद पडलेली जुनी शेगडी आणून दिली असून शनिवारी दुपारी ती उघडून दाखवली जाते. त्याची सक्त ताकीद आहे की प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, तेव्हा ती उतरवल्याशिवाय आत बोट घालायचे नाही. फलकावर ही सूचना मुलांनीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.