पाण्याचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, पण पाणी पुन्हा भरते तेव्हा…

जिना चढताना दम लागतो, छातीची एक बाजू जड वाटते. एक्स-रेमध्ये छातीत पाणी झालेले दिसते. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तही असतो. सुईने पाणी काढले की रुग्णाला बरे वाटते. तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत की घरचेही निर्धास्त होतात. पण काही आठवड्यांत पाणी पुन्हा भरले आणि क्षयाचाही पुरावा मिळाला नाही, तर मेसोथेलिओमाचा विचार करावा लागतो.

हा बहुतेक वेळा फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला होणारा कर्करोग. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ हे त्याचे प्रमुख कारण. दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांची माहिती १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा हा संबंध ठळकपणे पुढे आला. धूळ श्वासात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत अनेकदा २० ते ५० वर्षे जातात.

पाण्याच्या तपासणीत हा आजार का निसटतो? जंतुसंसर्गाने किंवा सुजेनेही आवरणाच्या पेशींचे रूप बदलते आणि त्या कर्करोगासारख्या दिसू लागतात. उलट, मेसोथेलिओमाच्या पेशी कधी अगदी साध्या दिसतात, तर कधी पाण्यात उतरतच नाहीत. शिवाय पेशी शेजारच्या चरबीत घुसल्या आहेत का, हे पाण्यावरून कळत नाही. त्यासाठी आवरणाचा तुकडाच लागतो.

तो कसा घेतला, यालाही महत्त्व आहे. पाण्याच्या तपासणीतून निदान न झालेल्या ५० रुग्णांवरील ब्रिटनमधील अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अंदाजाने सुई घालून घेतलेल्या तुकड्यांतून कर्करोग असलेल्या ४७ टक्के रुग्णांचे निदान झाले. सीटी स्कॅनवर जागा पाहून घेतलेल्या तुकड्यांतून ८७ टक्के. तुकड्यावर मग खास रंगचाचण्या होतात. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ या खुणा पेशी आवरणाच्या आहेत का ते सुचवतात. ‘बॅप-१’ हे प्रथिन पेशींतून नाहीसे झाले असेल, तर कर्करोगाची शक्यता बळावते. तरीही उलगडा झाला नाही, तर छातीत दुर्बीण घालून मोठा तुकडा घेतात.

रुग्णाने मात्र एक गोष्ट आठवणीने सांगावी: तरुणपणीचे काम. सिमेंटचे पत्रे कापणे, बॉयलर किंवा पाइपवरचे आवरण बसवणे, जहाजतोडणी, किंवा अशा कामगाराचे कपडे घरी धुणे. चाळीस वर्षांपूर्वीची ती धूळ आजच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. ती डॉक्टरांना सांगावीच लागते.