बेरोजगारी साहाय्याचा दावा अडतो कोठे?

ओखला, नरेला, नोएडा, साहिबाबाद, फरिदाबाद किंवा मानेसर येथील कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराच्या वेतनचिठ्ठीवर ‘ईएसआय’ या अक्षरांपुढे दरमहा एक लहानशी कपात दिसते. १ जुलै २०१९ पासून ती वेतनाच्या पाऊण टक्का असून मालक त्यात सव्वातीन टक्क्यांची भर घालतो. या कपातीच्या बदल्यात दवाखाना व औषधे मिळतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. नोकरी गेल्यास याच नोंदीच्या आधारे काही काळ रोख साहाय्यही मिळू शकते, ही बाब मात्र फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते त्यांचेही दावे क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी परत येतात.

प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आणि त्यानंतर १९४८ मध्ये झालेल्या कायद्यातून कर्मचारी राज्य विमा योजना आकारास आली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी ती प्रथम कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणी सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात यांना तिच्यात आरंभापासून स्थान होते. बेरोजगारीला ते मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ एप्रिलपासून आलेली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडणे, कामगारकपात आणि कायमचे अपंगत्व अशा ठरावीक प्रसंगांपुरतीच होती. १ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची व्याप्ती त्याहून मोठी आहे. गैरवर्तनाबद्दल झालेली शिक्षा, वयोमानानुसार निवृत्ती व स्वेच्छानिवृत्ती यांमुळे गेलेली नोकरी मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

या योजनेत आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांचे साहाय्य मिळते. आरंभी त्याचा दर सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के होता. करोनाकाळात, २४ मार्च २०२० पासून, तो ५० टक्के करण्यात आला आणि नोकरी गेल्यानंतर ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करण्याची मुभा मिळाली. दावा मालकामार्फत पाठवण्याची अटही तेव्हाच गेली. योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आहे; म्हणून दावा करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला दर व अटी शाखा कार्यालयात विचारून घेणे इष्ट. सरासरी काढताना मागील चार अंशदान कालावधींतील एकूण वेतनाला ७३० ने भागतात. समजा, एखाद्या कामगाराला दोन वर्षे दरमहा १५,००० रुपये मिळत होते. एकूण वेतन ३,६०,००० रुपये, दैनिक सरासरी सुमारे ४९३ रुपये, आणि ५० टक्के दराने ९० दिवसांचे साहाय्य सुमारे २२,१९० रुपये. एका खोलीच्या भाड्याचा आणि मुलांच्या शाळेच्या फीचा प्रश्न या रकमेतून काही काळ तरी सुटू शकतो.

दावा अडतो तो प्रथम दिवसांच्या हिशेबात. अंशदानाचे कालावधी वर्षात दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. शिथिल केलेल्या अटींनुसार दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी, नोकरी जाण्यापूर्वीच्या लगतच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे आणि त्याआधीच्या तीनपैकी निदान एका कालावधीत तेवढेच हवे. राजधानी परिसरातील कंत्राटी कामगार नेमका येथेच अडचणीत येतो. ठेकेदार बदलला किंवा कामगार दिल्लीहून नोएडाला गेला, की नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो. कामाचे दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि कोणत्याच क्रमांकावर ७८ भरत नाहीत. वास्तविक विमा क्रमांक देशभर आणि जन्मभर एकच असावयास हवा. दोन क्रमांक आढळल्यास शाखा कार्यालयाकडे लेखी अर्ज करून नोंदी एकत्र करून घ्याव्यात. आणि हे काम नोकरी असतानाच करणे सोपे, कारण तेव्हा मालकाचा शिक्का व सही मिळते.

दुसरी अडचण नोकरी सुटल्याच्या नोंदीची. मालक दरमहा ऑनलाइन अंशदान भरतो तेव्हा ज्याचे कामाचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारण निवडावे लागते : रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, कामगारकपात इत्यादी. लेखनिकाने सवयीने ‘रजेवर’ निवडले, तर महामंडळाच्या लेखी तो कामगार अद्याप नोकरीतच असतो. बेरोजगाराने आपल्या विमा क्रमांकाने महामंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन ही नोंद स्वतः पाहावी. ती चुकीची असल्यास कार्यमुक्तीचे पत्र व शेवटची वेतनचिठ्ठी जोडून दुरुस्तीची मागणी करावी. वेतनातून कपात झाली पण अंशदान भरलेच गेले नाही, हेही तेथेच उघड होते. अशा वेळी वेतनचिठ्ठ्या हाच पुरावा असल्याने त्या टाकून देऊ नयेत.

नावाचा घोटाळा मराठी कामगारांच्या वाट्याला अंमळ अधिक येतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे पूर्ण नाव लिहिण्याची रीत आहे. गावाकडच्या कागदपत्रांत तर आडनाव आधी येते. उत्तरेत वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. परिणामी आधारपत्रावर तिन्ही शब्द, विमा नोंदीत दोन आणि बँकेच्या खात्यात आडनाव पुढे, अशी एकाच माणसाची तीन नावे तयार होतात. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींची अडचण याहून मोठी. यावर उपाय एकच : आधारपत्रावरील नाव प्रमाण मानून इतर दोन्ही ठिकाणी तसेच करून घेणे.

साहाय्याची रक्कम बँक खात्यातच जमा होते, आणि शाखेतील कर्मचाऱ्यांचा संबंध येतो तो येथे. वेतन खाती बहुधा मालकाच्या पुढाकाराने एकगठ्ठा उघडलेली असतात. खातेदाराकडे कार्ड असते, पासबुक नसते. वेतन थांबल्यावर ते खाते दुर्लक्षित होते आणि दोन वर्षे खातेदाराकडून कोणताही व्यवहार न झाल्यास निष्क्रिय ठरते. सक्रिय करण्यासाठी शुल्क आकारता येत नाही, हे खातेदाराला आवर्जून सांगावयास हवे. २०१९ व २०२० मधील विलीनीकरणांनंतर अनेक शाखांचे आयएफएस कोड बदलले, पण कामगार अजूनही जुन्या पासबुकाची प्रत जोडतात आणि रक्कम परत जाते. दाव्यापूर्वी पासबुकाचे पहिले पान नव्याने छापून घेतल्यास ही अडचण उरत नाही. त्याच खात्यातून कर्जाचा हप्ता आपोआप वळता होत असेल, तर जमा झालेली रक्कम त्याच दिवशी हप्त्यात जाण्याचा संभव असतो. नोकरी गेल्याचे शाखाधिकाऱ्यांना हप्ता थकण्यापूर्वी कळवल्यास परतफेडीच्या पुनर्रचनेचा विचार होऊ शकतो. थकल्यानंतर तो कठीण होतो.

दाव्यासोबत मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्र जोडण्याची अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. तरीही न्यायालयाबाहेरील टंकलेखक त्यासाठी पैसे घेताना दिसल्यास नवल नाही. दावा ऑनलाइन भरताना आधारपत्र व बँक तपशील यांच्या प्रती चढवल्या असतील तर तेवढे पुरते. त्या चढवल्या नसल्यास छापील दावा सही करून कागदपत्रांसह शाखा कार्यालयात द्यावा लागतो.

दावा नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे. ‘कागद अपुरे’ या तोंडी उत्तरावर परतू नये, कारण कोणती अट अपुरी ठरली हे कळल्याखेरीज दुरुस्ती कोणाकडे मागावयाची, मालकाकडे, महामंडळाकडे की बँकेकडे, हेच ठरत नाही. महामंडळाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-११-२५२६ हा आहे. त्याशिवाय प्रादेशिक व शाखा कार्यालयांत तक्रारनिवारणासाठी ‘सुविधा समागम’ भरतो. दोष बँकेच्या बाजूचा असल्यास प्रथम शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जावे.

करोलबाग व चांदणी चौकात सोने गाळण्याचा व्यवसाय करणारे, मूळचे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव बहुधा या योजनेत येत नाहीत. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना ती सामान्यतः लागू नसते. गुरुग्रामच्या कार्यालयांतील २१,००० रुपयांहून अधिक वेतनाचे कर्मचारीही तिच्या बाहेर आहेत. वेतनवाढीमुळे अंशदान कालावधीच्या मध्येच ही मर्यादा ओलांडली गेल्यास त्या कालावधीच्या अखेरपर्यंत विमा चालू राहतो. अशा कर्मचाऱ्याची कपात वेतनवाढीच्या महिन्यातच थांबवली गेली असेल, तर ती चूक मालकाच्या नजरेस आणून द्यावी. दाव्याच्या वेळी त्याच काही दिवसांवर ७८ चा आकडा अवलंबून असू शकतो.