प्रतिजैविकांना न जुमानणारा रक्तातील जंतुसंसर्ग : पहिल्या दोन दिवसांचे मोल

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक आमच्या डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात : "एवढी महागडी इंजेक्शने चालू आहेत, तरी ताप का उतरत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणगीदार व विश्वस्तांनाही ठाऊक असावे, म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय घेत आहोत.

निरोगी माणसाच्या रक्तात जंतूंची वस्ती नसते. मूत्रमार्ग, फुप्फुसे, पोट, चिघळलेली जखम किंवा शिरेत घातलेली नळी, यांपैकी एखाद्या वाटेने जंतू रक्तात शिरतात आणि तिथे वाढू लागतात. त्यांच्याशी झुंजताना शरीराचा तोल सुटला की रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, श्वास वाढतो, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे यातले नेहमी आढळणारे जंतू. त्यांतील अनेकांनी औषधाचे रेणू फोडणारी विकरे निर्माण करण्याची कला साधली आहे, आणि ती जनुकांच्या रूपाने ते एकमेकांना देतातही.

हे संकट किती मोठे आहे? २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जंतूंच्या प्रतिरोधामुळे ओढवले. आपल्या देशात, दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बालकांचा अभ्यास झाला. त्यात सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के, तर क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते.

रुग्ण का दगावतो?

प्रतिरोधक जंतू अधिक जहाल असतोच असे नाही. निष्पत्ती बिघडते ती मुख्यतः तीन कारणांनी. योग्य औषध उशिरा मिळते. उरलेली औषधे कमी गुणकारी किंवा अधिक अपायकारक असतात. आणि असा संसर्ग बहुधा आधीच दीर्घकाळ आजारी असलेल्यांना गाठतो. या तिसऱ्या कारणामुळेच दोन रुग्णालयांतील मृत्यूंच्या टक्केवारीची सरळ तुलना फसवी ठरते.

यांपैकी पहिले कारण बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. जंतू ओळखण्यासाठी रक्ताचे कल्चर करावे लागते. प्रौढ रुग्णाच्या दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेऊन प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर भरतात. जंतू वाढल्याचे कळायला साधारणतः एक ते दोन दिवस लागतात. कोणते औषध लागू पडेल हे समजायला आणखी सुमारे एक दिवस. तोपर्यंत डॉक्टर अनुभवाने औषध निवडतात. अंदाज चुकला, तर ते मोलाचे दिवस वाया जातात. रक्त घेण्यापूर्वीच प्रतिजैविक दिले गेले असेल, तर पुष्कळदा कल्चरमध्ये काहीच वाढत नाही आणि पुढचा सारा उपचार अंधारात करावा लागतो.

औषधाची निवड किती निर्णायक ठरते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय व क्लेब्सिएला जंतूंचा रक्तसंसर्ग झालेल्यांना दोनपैकी एक औषध देण्यात आले. प्रयोगशाळेच्या अहवालात दोन्ही औषधे लागू पडणारी होती. तरीही ३० दिवसांत मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांत १२.३ टक्के, तर मेरोपेनेम घेणाऱ्यांत ३.७ टक्के होते.

मग सर्वांनाच सुरुवातीपासून मेरोपेनेम का देऊ नये? कारण त्याच्या सरसकट वापराने त्यालाही न जुमानणारे जंतू माजतात. त्यानंतर हाती उरणाऱ्या मोजक्या औषधांत कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडांना इजा करू शकणारे जुने औषध येते. म्हणून गंभीर रुग्णाला प्रथम व्यापक औषध द्यावे, पण कल्चरचा अहवाल येताच शक्य तेथे साध्या औषधावर यावे, हाच मार्ग योग्य. औषध अधिक दिवस दिले म्हणजे अधिक गुण येतो, हा समजही खरा नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,६०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ७ दिवसांचा उपचार १४ दिवसांच्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. अर्थात स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण त्यात नव्हते. त्यांना अधिक काळ औषध लागते.

संसर्ग होऊच नये म्हणून

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टी पाळल्या : हात धुणे, नळी घालताना संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या शिरेतील नळीमुळे होणारे रक्तसंसर्ग १८ महिन्यांत ६६ टक्क्यांपर्यंत घटले. यात कोणतेही नवे औषध नव्हते. होती ती केवळ शिस्त.

देणगीदारांना आमची एक नम्र विनंती आहे. ज्यावर नावाची पाटी लावता येते अशा यंत्रांसाठी देणगी सहज मिळते, आणि ती यंत्रे आवश्यकही आहेत. परंतु कल्चरची बाटली एकदा वापरून संपते. तिच्यावर कोणाचेही नाव राहत नाही. गरीब रुग्णाच्या बाबतीत पैशांअभावी हीच तपासणी टाळली जाण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि नेमके औषध शोधण्याची वाट मात्र तिच्यातूनच जाते. म्हणून जंतुशास्त्र प्रयोगशाळा, बाटल्या आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रावण यांसाठी दिलेला रुपया आम्ही तितकाच मोलाचा मानतो.

नातेवाइकांनाही काही सांगावेसे वाटते. रुग्णाला आणताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या व रिकामी पाकिटे सोबत आणावीत. दुकानातून परस्पर घेतलेली गोळीसुद्धा लपवू नये. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करावेत. "ही नळी आज अजून लागणार आहे का?" असे आम्हाला निःसंकोच विचारावे, त्या प्रश्नाचा आम्हाला राग येणार नाही.

सर्व प्रयत्न करूनही काही रुग्ण आम्ही गमावतो, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. पण एखादा रुग्ण केवळ बाटलीत रक्त वेळेवर भरले गेले नाही म्हणून दगावू नये, एवढे तरी आपण सर्वांनी मिळून साधलेच पाहिजे.